पंप क्रमांक तीनचा सुस्कारा

टेप्याला नोकरी लागली. कायमची, खुर्ची, कपाटातला एक खण आणि मस्टरमधली सातवी ओळ यांच्यासकट.

आता हे वाक्य विसरा. असं काही झालेलंच नाही. टेप्या स्वतः रोज सकाळी साडेदहाला मस्टरवर सही करताना असंच समजतो, तेव्हा तुम्हालाही जमायला हरकत नाही.

तर, नोकरीबिकरी काही नाही. एक जुनी गाडी आहे. गाडीत पुढे टेप्या आणि त्याची ताई आहे. मागच्या सीटवर, अठरा दिवसांत अकरा गावं फिरून गोळा केलेले दहा आवाज आहेत. त्यात गंजलेल्या झोपाळ्याची कुरकुर आहे, रिकाम्या विहिरीत पडणारी बादली आहे, आणि एका शिंप्याची मशीन आहे, जी शिंपी चिडला की वेगळी वाजते. ताई रेडिओसाठी नाटकं लिहिते आणि टेप्या त्यांना लागणारे आवाज आणतो. पाच वर्षांचा असताना त्याने आजोबांचं घोरणं टेप करून आजोबांनाच ऐकवलं होतं. आजोबा म्हणाले, "हे जनावर कुठलं? आधी बाहेर काढा." तेव्हापासून तो टेप्या. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे आणि तिथेच सुखात आहे.

ताईचं हे सातवं नाटक, पण रेडिओने घेतलेलं पहिलंच. आधीची सहा परत आली होती, त्यातल्या एकाचं पाकीट फोडलेलंही नव्हतं. नाटक एका घराबद्दल होतं. घर बोलत नाही, दीड तास फक्त सगळ्यांचं ऐकून घेतं. शेवटी सगळी माणसं निघून जातात, दार बंद होतं आणि घर एकच लांब सुस्कारा टाकतं. संपलं नाटक.

हा सुस्कारा ताईने वर्षभरापूर्वी ऐकला होता. एका पाणीपुरवठा केंद्राच्या भिंतीबाहेर तिच्या गाडीचं चाक बसलं, आणि ती स्टेपनी काढत असताना भिंतीपलीकडून आवाज आला: दमलेल्या, समजूतदार, आयुष्यात सगळं पाहून झालेल्या कुणीतरी सोडलेला श्वास. चाळीस सेकंदांनी पुन्हा एक. ताईने स्टेपनी तशीच टाकली आणि बॉनेटवर वही ठेवून लिहायला लागली. म्हणजे खरं तर नाटक नव्हतंच. सुस्कारा होता, आणि त्याच्या आधीचा दीड तास ताईने मागाहून जोडला होता.

तो आवाज दुसरीकडून मिळवायचे प्रयत्न झाले नव्हते असं नाही. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडून पाहिली. मामांना सोफ्यावर एकवीस वेळा बसवलं. बाविसाव्या वेळी मामांनी स्वतःच सुस्कारा सोडला, तो जवळपास जमला होता, पण त्यात मामांचा स्वभाव ऐकू येत होता. केंद्राच्या भिंतीबाहेरून फोनवर टिपून पाहिलं, तर घराने शेवटी ट्रक सोडल्यासारखं वाटत होतं.

आणि आज शेवटचा दिवस. संध्याकाळी सहाच्या आत नाटक रेडिओ केंद्रावर पोचलं पाहिजे होतं, आणि रेडिओ केंद्र इथून दोन तासांवर. "नाही पोचलं," केंद्राचे संचालक म्हणाले होते, "तर रविवारी 'गुडघ्यांची निगा' हे भाषण चौथ्यांदा लावतो. लोकांची तक्रार नाही."

"दहा मिनिटं," टेप्या गाडीतून उतरताना म्हणाला. "गाडी बंदसुद्धा करू नकोस. गेलो, टिपलं, आलो."

ताईने गाडी बंद केली, किल्ली काढली आणि पर्समध्ये टाकली. ती त्याला जन्मापासून ओळखत होती.

* * *

पाणीपुरवठा केंद्राचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, चार टेबलं आणि त्यातल्या एकामागे हेडक्लार्क बाई. बाकीची तीन टेबलं फायली सांभाळायला होती. टेप्याने परवानगीचं पत्र पुढे केलं. रेडिओने मुख्य कार्यालयाला लिहिलेलं, मुख्य कार्यालयाने शिक्का मारून इकडे दिलेलं, दोनच ओळींचं पत्र: 'सदर इसम आपल्या केंद्रातील पंपांचे आवाज ऐकण्यासाठी येत आहेत. त्यांस आवश्यक ते सहकार्य करावे.'

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, जी टेप्याला कुणीच सांगितली नव्हती. या केंद्रात श्रवणिक नावाचं एक पद होतं. श्रवणिकाने रोज प्रत्येक पंपाला लाकडी दांडीचं एक टोक लावायचं, दुसरं टोक स्वतःच्या कानाला लावायचं, पंपाच्या पोटात काय चाललंय ते ऐकायचं आणि वहीत लिहायचं: 'ऐकले, ठीक.' जुने श्रवणिक तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यानंतर बाईंनी मुख्य कार्यालयाला बावीस स्मरणपत्रं पाठवली आणि उत्तर येईपर्यंत 'ऐकले, ठीक' त्याच लिहीत राहिल्या. त्यांचं टेबल पंपघरापासून साठ पावलांवर होतं, उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू यायचं आणि डाव्या बाजूला पंखा होता.

बाईंनी पत्र वाचलं. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा वाचलं.

"आलात," त्या म्हणाल्या.

"हो. जरा उशीरच झाला."

"तीन वर्षं."

टेप्याला वाटलं, ऑफिसातला विनोद असेल. तो सौजन्याने हसला.

बाईंनी पत्राला दोन भोकं पाडली आणि 'श्रवणिक पद भरणेबाबत' या फुगलेल्या फायलीत ते अशा हळुवारपणे लावलं की जणू बाळाला झोपवतायत. मग एक जाडजूड रजिस्टर उघडलं. "सही करा. सातवी ओळ."

टेप्या सही करताना कधी वाचत नाही. मी कानाचा माणूस आहे, असं तो सांगतो. त्याने झोकात सही ठोकली, खाली दोन टिंबंही दिली.

"आणि ते गळ्यात काय आहे?"

"रेकॉर्डर."

"द्या इकडे. मोबाईलही." दोन्ही वस्तू कपाटात गेल्या, कपाटाला कुलूप लागलं, आणि बाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. 'कर्मचाऱ्यांनी ध्वनिमुद्रण यंत्र आत नेऊ नये. अभ्यागतांना मुभा आहे.' त्याच्याखाली बारीक अक्षरात: 'या नियमाचे कारण विचारू नये.'

"पण मी कर्मचारी कुठे आहे?" टेप्या म्हणाला.

बाईंनी रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं. वरती ठळक अक्षरात 'हजेरीपट' लिहिलं होतं. सातव्या ओळीत डाव्या बाजूला 'श्रवणिक', पुढे तीन वर्षांची पांढरी रिकामी घरं, आणि टोकाला आजच्या घरात त्याची सही, दोन टिंबांसकट.

पुढचं संभाषण टेप्याला अजून तोंडपाठ आहे.

"अहो, मी पाहुणा आहे."

"सहीच्या आधी होतात."

"मग सही खोडतो ना."

बाईंनी मस्टर छातीशी धरलं. "खाडाखोड? मुख्य अभियंत्यांची लेखी परवानगी लागते. ते एक तारखेला येतात."

"राजीनामा देतो."

"द्या की. महिन्याची नोटीस. तोवर रोज साडेदहाला यायचं."

"रजा टाकतो."

"तीन महिने झाल्यावर."

"आजारी पडलो तर?"

"पडा, पण इथल्या केंद्रप्रमुख साहेबांना आधी कळवून."

"अहो बाई, मी रेडिओच्या नाटकासाठी आलोय. ते पत्र परत द्या, त्या पत्रावर मी पाहुणा म्हणून आत जातो."

"पत्र एकदाच चालतं. ते आता फायलीला लागलं." बाई जरा मऊ झाल्या. "नाटकाची आवड असणं वाईट नाही. आमच्या आधीच्या श्रवणिकांना पतंगांचा नाद होता. पण ऑफिसच्या वेळेत नाही."

टेप्याचा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, अर्ध्या दिवसाची सवलत पहिल्या दिवसापासून मिळते. तिन्ही पंप ऐकायचे, वहीत 'ऐकले, ठीक' लिहायचं, दीड वाजता मोकळे."

"आणि मोकळा झालो की मी कोण?"

हा प्रश्न बाईंना नोकरीत कुणी विचारला नव्हता. त्यांनी थोडा विचार केला. "कोणीही. अभ्यागतांची वेळ तीन ते चार. पास घेतलात तर अभ्यागत."

"यंत्रासकट?"

"पाटी वाचलीत ना?"

टेप्याने हिशेब मांडला. तीनला आत, सव्वातीनला बाहेर, सव्वापाचला रेडिओ केंद्र. पाऊण तास हातात उरतो. तो निश्चिंत झाला. माणूस निश्चिंत होतो तो क्षण नेमका धोक्याचा असतो, पण त्यासाठी कुठे पाटी लावलेली नसते.

* * *

पंपघरात तीन पंप एका ओळीत होते, म्हशींसारखे. मिस्त्री साठीच्या आसपासचे, कमरेला फडकं, बोलणं बेताचं. त्यांनी कापडात गुंडाळलेली लाकडी दांडी काढली. तीन वर्षं तिला दर आठवड्याला तेल लावत आले होते.

"माणूस येणार हे माहीत होतं," ते म्हणाले. "कधी ते माहीत नव्हतं."

एक नंबर ठीक होता. दोन नंबर तर इतका ठीक होता की कंटाळा येईल. आणि मग तीन नंबरने सुस्कारा सोडला.

भिंतीबाहेरून ऐकलेलं यापुढे काहीच नव्हतं. इथे तो आवाज जमिनीतून वर येत होता, छातीत भरत होता आणि हळूहळू, कुणालाही दोष न देता, विरत होता. पूर्ण बारा सेकंद. हे घर होतं. ताईने लिहिलेलं, सगळी माणसं निघून गेलेलं घर.

त्याने दांडी लावली आणि कान टेकवला.

सुस्काऱ्याच्या खाली आणखी काहीतरी होतं. कुणीतरी दाताखाली खडे चावावेत तसं. कर्र, थांबून कर्र, आणि मग एक बारीकशी टिचकी. टेप्याने कान काढला, पुसला, पुन्हा लावला. टिचकी तिथेच होती. देवाने टेप्याला अक्कल देताना हात आखडता घेतला असेल, पण कान देताना नाही. बेअरिंगच्या गोळ्या फुटत होत्या. सुस्कारा म्हणजे दुसरं काही नव्हतं. पंप मरायला टेकला होता आणि ते सभ्यपणे सांगत होता.

"काय म्हणतो?" मिस्त्रींनी विचारलं.

टेप्याच्या तोंडात उत्तर आलं आणि दातांपाशी थांबलं. खरं सांगितलं तर पंप बंद होणार, उघडला जाणार, बेअरिंग बदलणार. सुस्कारा संपला. ताईचं नाटक संपलं. रविवारी गुडघे.

"मिस्त्री," तो सावधपणे म्हणाला, "समजा, पंपातून खडे चावल्यासारखं आलं, तर आधीचे श्रवणिक काय करायचे?"

"दोन पावलं मागे सरायचे."

"आणि मग?"

"मग सांगायचे, बंद करा. ते सांगायचे, मी करायचो." मिस्त्रींनी फडकं झटकलं. "तसं येतंय का?"

"नाही, नाही. सहज विचारलं. तुम्ही दिवसभर कुठे असता?"

"इथेच." मिस्त्री वळले आणि तीन नंबरच्या त्या बेअरिंगच्या डब्यालाच पाठ लावून आरामात टेकले. "हा गरम असतो. पाठीला बरं वाटतं."

* * *

फाटकाच्या गजांतून टेप्याने ताईला सगळं सांगितलं. नोकरीचं सांगितलं तेव्हा ती तीन वेळा "काय?" म्हणाली. सुस्काऱ्याचं सांगितलं तेव्हा एकदाही नाही.

"तीनपर्यंत टिकेल?" तिने विचारलं.

"माहीत नाही. आलो तेव्हा चाळीस सेकंदांनी येत होता. आता चौतीस."

"मग तू गप्प बस. माझं नाटक आहे म्हणून सांगते, गप्प बस."

"आणि बहीण म्हणून?"

ताईने विचार केला. "बहीण म्हणूनही तेच सांगते."

"पण ते मिस्त्री त्याला टेकून उभे असतात, ताई. अगदी डब्यावर पाठ."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, तीनपर्यंत सरळ उभे राहा."

"पाठ दुखते त्यांची."

"मग खुर्ची दे. टेप्या, सात वर्षं झाली रे मला. सहा परत आली. घर नुसतं श्वास सोडतं, एवढंच तर मागतेय मी." तिने गज सोडले, पुन्हा धरले. "खुर्ची मात्र दे. आधी खुर्ची दे."

टेप्याने ऑफिसातून खुर्ची आणली. बाईंनी ती रिकाम्या टेबलामागची दिली, वर पावतीही घेतली. मिस्त्रींना इतकं बरं वाटलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. "एकोणतीस वर्षांत कुणी खुर्ची दिली नाही," ते म्हणाले. मग त्यांनी ती खुर्ची उचलली, तीन नंबरपाशी नेली, डब्याला लावून ठेवली आणि बसले. आता पाठीबरोबर डोकंही टेकलं होतं.

"तिकडे दारापाशी वारा छान येतो," टेप्या म्हणाला.

"वारा मला बाधतो."

"मग एक नंबरपाशी बसा. तोही गरम आहे."

"तो थरथरतो. झोप येत नाही."

"झोपता तुम्ही?"

"डोळे मिटून लक्ष ठेवतो," मिस्त्री म्हणाले आणि डोळे मिटले.

टेप्या मोजत राहिला. सुस्कारा. अठ्ठावीस सेकंद. सुस्कारा. पंचवीस. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा. सुस्कारा आता बारा सेकंदांचा राहिला नव्हता, दहाचा झाला होता, आणि त्याच्या शेवटाला थोडी धार आली होती, सोशिक माणसाच्या आवाजाला एका वयानंतर येते तशी. एकवीस. टेप्याने मिस्त्रींना पाणी हवं का विचारलं. नको होतं. बाहेर एक कुत्रा आला आहे, बघता का, असं विचारलं. तो रोजचाच होता. पंधरा. त्याने खुर्चीचा एक पाय हळूच दारच्या दिशेला ओढला. मिस्त्रींनी डोळे न उघडता ती परत जागेवर घेतली.

एक वाजला. चौदा सेकंद.

तीन वाजायला दोन तास होते. टेप्याने डोळे मिटून ताईचं घर आठवलं, मिस्त्री आठवले, मग त्याला वाटलं की घर तर दीड तास सगळ्यांचं ऐकून घेतं आणि शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही, आणि त्या घरात आपण मुळीच राहिलो नसतो.

तो ऑफिसकडे पळत सुटला. साठ पावलं त्याने बावीस ढांगांत तोडली.

"वही द्या, बाई."

"झालं? शाब्बास. दीडला अजून—" बाई थांबल्या. त्या त्याने लिहिलेलं बघत होत्या. "हे काय?"

"'ऐकले, ठीक नाही.'"

"असं नसतं."

"असं आहे."

"अहो, या रकान्यात 'ठीक' असतं. तीन वर्षं 'ठीक' आहे. दुसरं काही लिहायचं तर साहेबांचं मत घ्यावं लागतं, आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत."

भिंतीपलीकडून सुस्कारा आला. अकरा. टेप्याने कान दिला. "बाई, ऐकू येतंय का?"

"पंखा आहे ना मला."

टेप्याने पंखा बंद केला. आठ सेकंदांनी पुढचा सुस्कारा आला, आणि तो सुस्कारा राहिलाच नव्हता. बाईंनी डावा कान भिंतीकडे केला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो पंप खरोखर ऐकला. त्यांचा चेहरा चुना लावल्यासारखा झाला. तीन वर्षं, दररोज, त्यांच्या अक्षरात: ऐकले, ठीक.

त्यांनी मुकाट्याने शिक्का उचलला आणि 'ठीक नाही'वर मारला.

टेप्या परत धावला. "मिस्त्री, उठा."

मिस्त्रींनी एक डोळा उघडला. "वहीत लिहिलंत?"

"लिहिलं. शिक्का आहे. उठा आधी."

"बंद करा म्हणताय?"

पाच सेकंद. डबा आता जागेवर हलत होता. टेप्याने एकदा फाटकाच्या दिशेला पाहिलं, जिथे कुणी दिसत नव्हतं.

"बंद करा."

मिस्त्री उठले. इतक्या चपळाईने उठले की ते साठीचे आहेत हे खुर्चीलाही कळलं नसेल. लाल बटण दाबलं. तीन नंबर घरघरला, अडखळला, आणि थांबता थांबता त्याच्या डब्याचं झाकण सुटलं, खुर्चीच्या पाठीतून आरपार गेलं आणि समोरच्या भिंतीवरच्या 'सुरक्षा सर्वांसाठी' या फलकातल्या 'सर्वांसाठी'वर जाऊन बसलं.

मिस्त्रींनी खुर्चीच्या भोकाकडे पाहिलं. मग आपल्या पाठीला हात लावून पाहिला.

"खुर्चीची पावती तुमच्या नावावर आहे ना?" त्यांनी विचारलं.

* * *

पुढचं सगळं विलक्षण वेगाने झालं, कारण त्यात कुणालाच काही विचारायचं उरलं नव्हतं. नवं बेअरिंग तीन वर्षांपासून कोठीत तयार होतं. बदला म्हणणारं माणूस तेवढं नव्हतं. पावणेतीनला पंप जोडून झाला. साहेब मीटिंग सोडून आले, भोक पाहिलं, फलक पाहिला आणि टेप्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पहिल्याच दिवशी," ते म्हणाले. "बाई, यांचा परिवीक्षाकाळ माफ. कायम करून टाका."

"साहेब, मला राजीनामा द्यायचा आहे."

"विनय असावा तर असा," साहेब बाईंना म्हणाले आणि गेले.

"कायम झालात की नोटीस तीन महिन्यांची," बाईंनी कानात सांगितलं. आनंदाची बातमी द्यावी तशी.

अर्ध्या दिवसाच्या सवलतीवर सुटलेला टेप्या बरोबर तीनला खिडकीशी गेला आणि पास घेऊन अभ्यागत म्हणून आत आला. रेकॉर्डर गळ्यात होता. बरोबर ताई होती, तिच्याही हातात पास. फाटकापाशी त्याने तिला काय झालं ते सांगायला तोंड उघडलं होतं, पण ती म्हणाली, "आधी ऐकू दे." तिने हेडफोन कानावर चढवले. मिस्त्रींनी हिरवं बटण दाबलं.

तीन नंबर सुरू झाला. लोण्यातून सुरी जावी तसा.

ताई उभी राहिली. एक मिनिट. दोन मिनिटं. पाच. पंप एकसुरी, समाधानी, निरोगी गुणगुणत होता. दहाव्या मिनिटाला तिने हेडफोन काढले.

"हे घर नाही," ती म्हणाली. "हा मिक्सर आहे."

टेप्याने खुर्चीकडे बोट केलं. ताई खुर्चीपाशी गेली, पाठीच्या भोकातून पलीकडे पाहिलं. पलीकडे मिस्त्री उभे होते आणि नव्या डब्याला हात लावून नापसंतीने मान हलवत होते.

"गार झाला हो हा," ते म्हणाले. "पाठीला काही मजा नाही आता."

ताईने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग टेप्याच्या डोक्यात एक टपली मारली, फार जोरात नाही, आणि त्याच हाताने त्याचे केस सारखे केले. बाहेर जाऊन रेडिओ केंद्राला फोन लावला. संचालक म्हणाले, शेवट नसेल तर नाटक कसं घेणार, या रविवारी गुडघे, आणि नाटकासाठी पुढची जागा सहा महिन्यांनी.

ताई परत आली. "मिस्त्री, हे नवं बेअरिंग सहा महिन्यांत खराब होईल?"

मिस्त्री दुखावले. "माझ्या हातचं आहे, ताई. अकरा वर्षं बघायला नको."

"त्यानंतर?"

"त्यानंतर हळूहळू सुरू होईल. आधी कर्र. मग सुस्कारा."

ताईने टेप्याकडे पाहिलं. टेप्याने ती नजर ओळखली आणि एक पाऊल मागे सरला, पण मागे एक नंबर होता.

"कुणीतरी रोज ऐकायला हवं," ताई म्हणाली. "म्हणजे सुरू झालं की लगेच कळेल."

"ताई, अकरा वर्षं."

"खुर्ची आहे तुला. कपाटात खण आहे." तिने गाडीची किल्ली काढली. "तोवर मी आठवं लिहिते."

तिची गाडी गेली. टेप्या ऑफिसात आला, एका रिकाम्या टेबलावरच्या फायली बाजूला सारून बसला आणि कागद मागितला. बाईंनी त्याला अर्जाचा नमुना दिला, भाषा तपासून दिली, आवक क्रमांक टाकला आणि अर्ज 'पंप देखभाल' आणि 'इतर' या दोन फायलींपैकी कुठे लावायचा याचा विचार करत तो अजून हातात धरला आहे. अर्ज असा:

प्रति, मुख्य अभियंता यांस,
विषय: पंप क्रमांक तीन पूर्ववत नादुरुस्त करून मिळणेबाबत.
महोदय,
उपरोक्त विषयान्वये नम्रपणे कळविण्यात येते की, सदर पंप आज रोजी निम्नस्वाक्षरीकाराच्या चुकीमुळे दुरुस्त झाला असून तो सुस्कारा टाकण्यास असमर्थ आहे. मिस्त्री यांच्या मते, नैसर्गिकरीत्या बिघाड होण्यास अकरा वर्षे लागतील. तरी, मिस्त्री यांस सुरक्षित अंतरावर बसविण्याच्या अटीवर, सदर अकरा वर्षांचा कालावधी विशेष बाब म्हणून शिथिल करून तो सहा महिने करण्यात यावा, व तसे लेखी आदेश बेअरिंगला देण्यात यावेत, ही विनंती.